पोराला उशी नको

आमच्या घरमालकांना कुणाच्याही घरात शिरताना दाराशी चपला काढायचं भान असायचं. विचारायचं मात्र नसायचं. सकाळी अकराच्या सुमाराला पाण्याची मोटर बंद केली की ते चाळीतून निघायचे आणि ज्या घरात तान्हं पोर असेल त्याच घरात जायचे. बाकीच्यांच्या दारांकडे बघायचेही नाहीत. आत आले की आईबापाशी एक शब्द न बोलता सरळ पोराजवळ. दोन बोटं त्याच्या मानेमागे घालून घाम आलाय का ते बघायचं. डोक्यावर कानटोपी असेल तर ती काढून खुंटीला अडकवायची. उशी, लोड, जाडं पांघरूण, कापडी बाहुली, पोराच्या आजूबाजूला जे असेल ते एकेक उचलून आईच्या मांडीवर ठेवायचं. आणि जाताना दारातून मागे न बघता म्हणायचं, "पोर हाय. लोनचं न्हाय, दाबून ठेवाया."

भिवंडीजवळ शेलारला त्यांची नऊ खोल्यांची चाळ होती. माझा नवरा कशेळीच्या एका गोडाऊनमध्ये कामाला लागला, म्हणून आम्ही जुन्नरकडचं गाव सोडून तिथं राहायला गेलो. खोली बघायला गेलो त्या दिवशी मालकांनी नवऱ्याकडे लक्षच दिलं नाही. माझ्या पोटाकडे बघून म्हणाले, "कितवा?"

"सातवा," मी म्हटलं.

"मंग खाट धुवून ठेवतू."

एवढं बोलून किल्ली हातात दिली. खोली मिळाली हे आम्हाला नंतर कळलं.

चाळीतली मराठी माणसं त्यांना काका म्हणायची, यंत्रमागाच्या लूमवर कामाला आलेली उत्तरेकडची माणसं चाचा म्हणायची, आणि पाठीमागे सगळेच वेडा म्हणायचे. पण वैतागलेली माणसंसुद्धा ती खाट नाकारत नसत. लहान पोराच्या मापाची, सागाची, चारी बाजूंनी उभे गज लावलेली साधी खाट. सुताराकडून ती करून घेताना गजांमधलं अंतर मालकांनी आपली बोटं घालून ठरवलं होतं. तीन बोटं जावीत, चौथं अडावं. म्हणजे पोराचं डोकं कुठं अडकायला नको. गादी पातळ आणि कडक, आणि खाटेत इतकी चपखल बसलेली की कडेला बोट शिरायचं नाही. चादरीला चारी कोपऱ्यांत नाड्या शिवून त्या खालून बांधलेल्या. खाट नव्या घरात गेली की मालक गादीवर पंजा दाबून धरायचे, हात उचलायचे आणि वाकून बघायचे. "पंजाचा ठसा ऱ्हायला का गादी बाद," म्हणायचे. चाळीत ज्या खोलीत पोर जन्माला येईल तिथं ती खाट जायची, आणि पोर गज धरून उभं राहायला लागलं की पुढच्या घरी.

हे सगळं त्यांना कुणी शिकवलं, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी सांगितलं की वीसेक वर्षांपूर्वी ते ठाण्याला लहान मुलांच्या एका डॉक्टरांकडे गेले होते. नंबर लावून, लेकुरवाळ्या बायकांच्या रांगेत दोन तास बसले. नंबर आल्यावर बाहेरच्या बाईंनी विचारलं, "पेशंट कुठाय?" मालक म्हणाले, "पेशंट न्हाय. सवाल हाय."

डॉक्टर भला माणूस असणार. त्यानं दार लावून घेतलं आणि सगळं समजावून सांगितलं. पोराला उताणं निजवायचं, दरवेळी, दिवसाही. कडक गादीवर. उशी नको, जवळ मऊ काही नको. निजायला आईबापाच्या खोलीत, पण त्यांच्या अंथरुणात नाही, आपल्या वेगळ्या जागेवर. फार कपडे नकोत, तोंडावर पांघरूण तर नकोच. जवळ विडी-सिगरेट नको. मालकांनी तिथून बाहेर पडल्या पडल्या स्वतःची विडी सोडली, असं ते अगदी साधेपणानं सांगत. सवाल काय होता, ते मात्र त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं नाही.

चार नंबरमध्ये एक विणकर कुटुंब होतं. त्या घरची बाई हसून म्हणायची, "चाचा को मना करो तो सुनते नहीं, और मान जाओ तो शक करते हैं." ते खरंच होतं. काढलेली उशी परत गेली का, हे बघायला ते तासाभरानं पुन्हा यायचे. सात नंबरवालीनं साडीची झोळी बांधली होती. मालकांनी तिला सांगितलं, "झुलव, पन डोला लागला का खाटंवर टाक. झोलीत हनवटी छातीला टेकते, दम कोंडतो." एके दिवशी ती पोराला झोळीत निजवून, मोठ्या मुलीला बसवून कामाला गेली. मालक आले आणि ती येईपर्यंत झोळीशेजारी जमिनीवर बसून राहिले. दर थोड्या वेळानं पोराची हनवटी एका बोटानं वर करत. ती आल्यावर चिडून म्हणाली, "उचलून खाटेवर ठेवायचं ना मग! बसून काय राहिलात?"

मालक पोराला कधीच उचलून घेत नसत. मी तिथं राहिले तेवढ्या काळात त्यांच्या हातात मी पोर पाहिलं नाही.

त्यांच्या बायकोला आम्ही काकी म्हणायचो. काकी वज्रेश्वरीकडची, कमी बोलणारी. चाळीतल्या बाळांना न्हाऊ घालायला सगळ्या तिलाच बोलवायच्या, इतका तिचा हात हलका. माझी मुलगी झाली तेव्हा रोज सकाळी ती यायची. तेल लावायची, पायांवर आडवी घेऊन आंघोळ घालायची, पुसून गुंडाळून माझ्या मांडीवर द्यायची. आणि मी पदर घेऊन पाजायला बसले की लगेच उठून बाहेर जायची. मला वाटायचं, संकोच असेल. पण बाईला बाईचा कसला संकोच, हेही मनात यायचं.

बारशाला माझी आई गावाहून आली. मला दिवस गेल्यापासून ती शिवत बसली होती. स्वतःच्या नऊवारीची गोधडी, दोन बाजूंना लावायला दोन छोटे लोड, आणि मोहरी भरलेली उशी. आमच्याकडे तिला राईची उशी म्हणतात. बाळाचं डोकं गोल होतं त्यानं. गोधडीचा टाका इतका बारीक होता की चाळीतल्या बायका हात फिरवून बघत होत्या. आईचा चेहरा फुलून गेला होता. नाव ठेवून झालं, बायकांना घुगऱ्या वाटल्या, मुलगी झोपली. आईनं तिला मालकांच्या खाटेत ठेवलं. डोक्याखाली उशी, दोन्हीकडे लोड, वरून गोधडी.

अकरा कधीच वाजून गेले होते. मला वाटलं, आज बारसं आहे, मालक यायचे नाहीत.

ते आले. दाटीवाटीनं बसलेल्या बायकांतून वाट काढत खाटेशी गेले. दोन लोड काढून आईच्या हातात दिले. मला म्हणाले, "मान उचल तिची." मी उचलली. त्यांनी उशी ओढून घेतली आणि तीही आईच्या हातात ठेवली. "ही तुमी वापरा," म्हणाले.

आई लालबुंद झाली. "अवं, मी चार लेकरं ह्याच उशीवर वाढवली."

मालक गोधडी उचलत होते. तिच्याकडे न बघताच म्हणाले, "वाढली ती दिसतात, बाय."

बारशाच्या दिवशी असं तोंडातून काढायचं? आईला राग आवरेना. "तुमच्या घरात काय पाळणा हलला न्हवता का कधी?" ती म्हणाली. "दुसऱ्याच्या लेकरावर कशाला वाईट बोलता?"

उत्तर दारातून आलं. काकी घुगऱ्यांचं रिकामं पातेलं घेऊन उभी होती. "हलला व्हता," ती म्हणाली. "माज्या दुधानं बंद पडला."

आज पाऊस नाही म्हणावं, तसं ती बोलली. मालक गोधडी तशीच हातात घेऊन बाहेर पडले आणि आपल्या घराकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी काकी नेहमीप्रमाणे आंघोळ घालायला आली. आईनं तिचा हात धरला आणि माफी मागितली. काकी म्हणाली, "तुला काय म्हाईत? तू नवी हायस." आणि मुलीच्या पायांना तेल चोळत चोळत तिनं सांगितलं.

पस्तीस वर्षांपूर्वीची तिची पहिली मुलगी. तीन महिन्यांची. भातकापणीचे दिवस. काकी सकाळी कापायला जायची, मध्ये येऊन पाजायची, पुन्हा जायची. त्या दिवशी ऊन फार होतं. ती घामानं निथळत आली, पाजलं, मुलीला नवऱ्याच्या हातात दिलं आणि शेतावर गेली. दोनेक तासांनी बोलवायला माणूस आला. घरी आली तर ओसरीवर बायका जमलेल्या.

"सासू बोलली, उनातनं येवून तापलेलं दूद पाजलंस. पोर आतनं जललं."

"आणि काका?" मी विचारलं.

"ते काय बोलनार? तवापासून बोलतच न्हाईत."

दोन वर्षांनी मुलगा झाला. काकीनं त्याला एक दिवसही पाजलं नाही. छातीला फडकं आवळून बांधलं आणि डब्याच्या दुधावर वाढवला. आता तो पुण्याला असतो. "दूद यायचं," काकी म्हणाली, "रात-दिस यायचं. फडकी पिलून काढायची मी. पन त्यो जगला ना? म्हंजे दूदच व्हतं."

मी म्हटलं, "काकी, दुधानं असं होत नाही हो. आईच्या दुधानं कधीच नाही." ती माझ्याकडे बघून हसली; लहान पोर काहीतरी बोलल्यावर आपण हसतो तशी. आईनं राईची उशी पिशवीत भरून टाकली.

त्या आठवड्यात मालक चाळीत फिरकले नाहीत. कोणाकोणाच्या पोरांच्या डोक्याखाली उशा परत आल्या. माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. ज्या माणसाला इतकं सगळं ठाऊक आहे, त्याला दुधाचं खरं ठाऊक नसेल? मग बायकोला सांगितलं का नाही? एका दुपारी ते पाण्याच्या टाकीपाशी दिसले. मी मुलीला आईपाशी ठेवून खाली गेले आणि सरळ विचारलं.

ते टाकीच्या कठड्यावर बसले.

"ती शेतावर गेली," ते म्हणाले. "पोरगी माज्या हातात. झोपंना. उताणी ठेवली का दचकायची. मी तिला पालथी टाकली. पालथी लगेच झोपली. मी नवी गादी केली व्हती तिच्यासाठी. सुताचा कचरा भरून, अशी मऊ, हात घातला का मनगटापर्यंत जायचा. वर रजई टाकली. मी केलेली गादी, म्हनून कौतिक. आन् गेलू लूमच्या शेडमंदी कामाला."

त्यांनी टाकीचा नळ घट्ट पिळला; तो आधीच बंद होता.

"सवाल हाच व्हता डॉक्टरला," ते म्हणाले. "का कशानं गेली? डॉक्टर बोलला, नक्की कुनीच सांगू शकत न्हाय. कंदी कंदी सगलं बराबर करूनशी पोर जातं. पन दुधानं न्हाय गेली, ह्ये नक्की, बोलला. दोन डावं इचारलं मी. दोनी डावं ह्येच बोलला."

"त्याला वीस वर्षं झाली, काका."

"व्हय."

"आणि त्याच्या आधीची पंधरा."

"आई बोलली दूद, तवा मी तितंच व्हतू," मालक म्हणाले. "मी बोललू न्हाय. दुसऱ्या दिवशी बोलायची लाज वाटली. मंग म्हैना गेला. मंग पोरगा झाला, ती छातीला फडकं बांधत व्हती, आन् मी बघत व्हतू. त्याच्यानंतर कसा बोलू?"

मला त्यांची दया आली, आणि रागही आला. माझ्या अंगावर पिती मुलगी होती. छाती भरून आली की काय होतं, ते मला तेव्हा रोज कळत होतं. मी म्हटलं, "मला सांगून काय उपयोग? त्यांना सांगा."

हे मी बोलायला हवं होतं की नव्हतं, याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही.

चार दिवसांनी सकाळी काकी मुलीला आंघोळ घालत असताना मालक आमच्या दारात आले. हातात आईची गोधडी होती, नीट घडी घातलेली. ती त्यांनी आईला दिली. मी आणि आई उठून बाहेर जायला लागलो, तर मला म्हणाले, "पोरी, तू बस. तू असलीस तं मी पलनार न्हाय."

मग जमिनीकडे बघत त्यांनी सगळं सांगितलं. पालथी टाकली ते. गादी, रजई. डॉक्टर. दुधाचं नव्हतं हे वीस वर्षं ठाऊक असल्याचं. काहीच वगळलं नाही. काकीचे हात चालू होते. मुलीच्या अंगावर शेवटचा तांब्या ओतला, पुसलं, काखेत, मांड्यांत, बोटांच्या बेचक्यांत, जिथं ओल राहते तिथं सगळीकडे. गुंडाळून माझ्या मांडीवर दिलं. नेहमीसारखी उठून बाहेर मात्र गेली नाही. तिथंच बसून राहिली. मुलगी रडायला लागली तशी मी तिला पाजायला घेतलं, आणि काकी ते बघत राहिली. पापणी न हलवता, शेवटपर्यंत. मग उठली आणि मालकांच्या शेजारून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं ती वज्रेश्वरीला भावाकडे गेली.

मालक तिच्या मागे एकदा गेले. भाच्यानं त्यांना अंगणातच सांगितलं, "आत्या भेटायची न्हाय बोलते." ते त्याच गाडीनं परत आले. त्यानंतर ते मोटर वेळेवर लावायचे, वेळेवर बंद करायचे आणि ओट्यावर बसायचे. चार नंबरवाली डबा द्यायची तो तसाच परत यायचा. एक दिवस ती स्वतःहून त्यांना बोलवायला गेली, "चाचा, आओ ना, देख लो, तकिया नहीं रखा है." ते आले, दारातूनच बघितलं, मान हलवली आणि गेले. आत पाऊल टाकलं नाही. माझा नवरा म्हणाला, म्हातारा बसल्या जागी संपेल. आपण एक बंद पेटी उघडायला लावली आणि आता ती आपल्याला लावता येत नाही, असं वाटायचं.

काकी परत आली ती दुपारची वेळ होती. मी दोरीवर लंगोट वाळत घालत होते. रिक्षा थांबली. काकी उतरली, हातात कापडी पिशवी. मालक टाकीपाशी उभे होते. ती सरळ त्यांच्यासमोर जाऊन थांबली. बारा दिवसांत ती वाळली होती.

"येकच इचारते," ती म्हणाली. "रडली व्हती का ती?"

मला वाटलं, ते नाही म्हणतील. नाही म्हणणं सोपं होतं, आणि त्यात दयाही होती. कुणी त्यांना खोटं पाडलं नसतं.

"म्हाईत न्हाय," ते म्हणाले. "शेडमंदी व्हतू. लूम चालू व्हते."

काकीच्या हातातली पिशवी गळून पडली आणि तिनं हाक मारली. मोठ्यानं, शेताच्या बांधावरून घराकडे मारावी तशी. ती काय म्हणतेय ते मला आधी कळलंच नाही. ते एक नाव होतं, मुलीचं. त्या घरातून ते कधी कुणी ऐकलं नव्हतं; मुलगी होती एवढंच आम्हाला ठाऊक, तिचं बारसं झालं होतं हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. काकी तीच हाक पुन्हा पुन्हा मारत राहिली. दारं उघडली, बायका बाहेर आल्या. चार नंबरवाली कणकेच्या हातांनीच धावली, पण जवळ जाऊन थबकली.

मालक जमिनीवर बसले होते. काकीचा आवाज बसला, नुसते ओठ हलायला लागले, तेव्हा त्यांनी ते नाव घेतलं. एकदाच, हळू.

काकीनं वळून त्यांच्याकडे बघितलं. मग तीही खाली बसली, त्यांच्यापासून हातभर अंतरावर, आणि संध्याकाळपर्यंत दोघं तिथून उठले नाहीत.